वुकोसाव आजोबांचा नेम

दुपार कलली तरी मिलिसावच्या अंगणातल्या अक्रोडाच्या शेंड्यावर टांगलेलं सफरचंद जागचं हललं नव्हतं. गोळीने ते पाडल्याशिवाय वऱ्हाडाला नवरी मिळत नाही, हा त्या गावचा रिवाज. नवरदेव ओग्न्येनच्या दोस्तांनी शिकारीच्या बंदुका रिकाम्या केल्या. पानं पडली, एक जुनं घरटं पडलं, पण सफरचंद काही पडेना. तिकडे चर्चमध्ये पाद्रीबाबा ताटकळले होते.

"नेम नसेल तर घरी जा," वधूपिता मिलिसाव मिशीला पीळ देत म्हणाला. "सफरचंद पडल्याशिवाय मुलगी घराबाहेर पडायची नाही!"

ओग्न्येन रडकुंडीला आला. तेव्हा त्याचे आजोबा वुकोसाव बाकावरून उठले आणि त्यांनी पट्ट्यात खोचलेलं जुनं पिस्तूल उपसलं. या पिस्तुलाची गोष्ट गावात पाळण्यातल्या पोरांनाही पाठ होती. तरुणपणी आजोबा म्हणे नदीकाठी बाटल्यांची नुसती बुचं उडवायचे, बाटलीला ओरखडा नाही! आणि स्वतःच्या लग्नात तर एका गोळीत सफरचंद. भोक दाखवा म्हटलं, की ते सांगत, "नवरी इतकी खूश झाली, की तिथल्या तिथे खाऊन टाकलं तिने!"

"अहो, बसा खाली," स्तामेना आजी म्हणाली. "हात थरथरतोय तुमचा."

"हात थरथरतो, नेम नाही!"

आजोबांनी घोडा ओढला. नुसतंच खट्ट झालं. पिस्तुलात काय अडकलंय ते बघायला त्यांनी ते खाली केलं, तोच धडाम्! राकियाच्या पिंपाला भोक पडलं आणि आलुबुखाराच्या दारूची धार थेट मिलिसावच्या नव्या कोटावर. पाव्हणे पेले घेऊन धावले.

"म्हाताऱ्याला आवरा कुणीतरी!" मिलिसाव गरजला. "आता एकच गोळी. चुकली तर लग्न मोडलं!"

आजीने घराच्या माळ्यावरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे नवरी दुन्या उभी होती. आजोबांनी पिस्तूल उचललं, डोळे गच्च मिटले आणि गोळी झाडली.

सफरचंद टपकन खाली आलं.

एकच जल्लोष झाला. ओग्न्येनने आजोबांना उचलायच्या आत आजोबांनीच सफरचंद उचललं. उलटंपालटं करून पाहिलं, भोक कुठेच नव्हतं. देठाला मात्र काळा दोरा होता, आणि तो फांद्यांमधून थेट माळ्याच्या खिडकीत गेला होता.

तोवर दुन्या धावत खाली आली होती. तिने सफरचंद आजोबांच्या हातातून घेतलं, दोरा तोडून फेकला आणि ती कचाकचा खायला लागली.

"वाहवा आजोबा! काय नेम आहे!" तोंडात घास असतानाच ती म्हणाली. मिलिसाव भोक बघायला आला, तेव्हा तिच्या हातात देठ उरला होता.

चर्चमध्ये लग्न लागल्यावर परतीच्या गाडीत सगळे आजोबांच्या नेमाचं कौतुक करत होते. आजोबा मात्र आजीकडे झुकून हळूच म्हणाले, "स्तामेना, आपल्या लग्नात ते सफरचंद तू एवढ्या घाईने का खाल्लंस गं?"

"भूक लागली होती," आजी म्हणाली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

आजोबांनी पिस्तूल काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

"नेम चांगला होता हं तुझा."