सत्कारातली पन्नास रोपं

सत्काराला हार नको, रोप द्यायचं, ही कल्पना माझी. तीस वर्षं मास्तरकी केली, गावाला चार चांगल्या गोष्टी मीच शिकवल्या, आणि हीसुद्धा मीच. पुढं जे झालं त्यात मात्र माझा काडीचा दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव वडनेरजवळ. एक फाउंडेशन या भागात कामं करतं. कुठं शाळेला पुस्तकं, कुठं बायकांना शिलाई मशीन, कुठं तळ्यातला गाळ काढणं. आम्ही मागितली अभ्यासिका. माझी पोरगी आचल तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करते, आणि आमच्या भिंतीला लागून पिठाची चक्की. तिनं पाठ केलेलं अर्धं तिथंच दळून जातं. फाउंडेशनच्या नमिता मॅडमनी अट घातली, शाळेमागं पन्नास रोपं लावा, त्यातली चाळीस जगलेली दाखवा, मग अभ्यासिका.

पन्नास लावली. पन्नासही जगली. मी रोज जाऊन मोजत होतो. तीन महिन्यांनी मॅडम पाहणीला येणार म्हणून सभा ठेवली आणि सत्काराचं काम रूपरावकडे दिलं. रूपराव गावातला कायमचा सूत्रसंचालक. एकदा माइक दिला की परत मिळत नाही.

मॅडमना कडुलिंबाचं रोप मी स्वतः दिलं. मग सरपंच अन्नपूर्णाबाई, पोलीस पाटील, अख्खा बचत गट. आमच्याकडे एकाचा सत्कार झाला आणि दुसऱ्याचा राहिला, तर तो दुसरा पोराच्या लग्नाची पत्रिकासुद्धा देत नाही. म्हणून मंडपवाल्याचा झाला, चहावाल्याचा झाला. शेवटी माझा, 'वृक्षसंवर्धनाबद्दल'. एवढी रोपं रूपरावनं आणली कुठून, असं मनात आलं होतं. पण टाळ्या चालू होत्या.

मग मॅडमना घेऊन शाळेमागं गेलो. पन्नास खड्डे!

रूपरावला बाजूला ओढलं. "हे काय करून ठेवलं बे?"

"सेलूच्या नर्सरीची गाडी आलीच नाई, सर. तुमीच तं म्हटलं, हार चालणार नाई, रोपच पाहिजे."

"म्हणून ही उपटायची?"

"उपटली नाई, मातीसकट काढली. मलेच काऊन बोलून राह्यले? तुमच्या हातात बी तं आहे एक."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सभेला आलेल्या आचलनं पुस्तक उचललं आणि चक्कीकडे, म्हणजे घरी गेली. ते मला जास्त लागलं.

मॅडमनी खड्डे पाहिले, मग हातातलं रोप पाहिलं. "बरं. सहा महिन्यांनी पुन्हा येते. यातली चाळीस जिवंत दाखवा, कुणाच्याही अंगणात असू द्या."

सहा महिने मी दारोदार फिरलो. पोलीस पाटील पुंडलिकरावांनी रोप बकरीच्या खुंट्याशी लावलं होतं, बकरीला सावली पडेल म्हणून. सावली पडायच्या आधीच बकरीनं ती खाल्ली. मंडपवाल्याशी भांडलो, चहावाल्याला उकळलेल्या पत्तीचं पाणी झाडाला घालताना पकडलं. मी गल्लीत दिसलो की लोक बादली घेऊन अंगणात पळायचे.

मॅडम आल्या. घरोघर मोजणी झाली. एकोणचाळीस.

"चाळिसावं तुमच्याकडे असेल ना, सर?"

सगळा गाव माझ्या अंगणात शिरला. माझं रोप लावलेल्या डब्यात एक वाळकी काडी उभी होती.

"पाणी कोण देणार होतं?" मी बायकोवर ओरडलो.

"तुमीच म्हटलं, जया, तू हात लावू नको, मी पाहतो," ती म्हणाली. "मी लावला नाई."

आचल डब्याकडे बघत राहिली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तेवढ्यात मॅडमनी मोबाइल काढला. त्यांच्या गॅलरीत, कुंडीत, कडुलिंब. "तुम्हीच दिलेला, त्या पन्नासातलाच. हा धरून चाळीस."

अभ्यासिका झाली. आचलला खिडकीजवळची जागा मिळाली. उद्घाटनाला रूपरावनं माइकवर माझं नाव घेतलं. मी रोप घ्यायला दोन्ही हात पुढं केले, तर त्यानं गळ्यात प्लास्टिकचा हार घातला.

"हे काय?"

"रोपच देणार होतो, सर," तो माइकवरच म्हणाला. "आचल म्हणे, बाबाले नका देऊ, त्याइच्यापाशी जगत नाई."

हार घरी खुंटीला आहे. अजून टवटवीत आहे.