साडेतीन फुटांची कुऱ्हाडवाली

"अर्ध्या तासात आई खेळाच्या प्रेमात पडतील. लिहून ठेव," जावयानं बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

आता एवढी छाती ठोकायची गरज का पडली, तर घरात मोठं टेबल एकच. दर रविवारी दुपारी त्या टेबलाभोवती जावई, त्याचा सुतार मित्र आणि शेजारची दातांची डॉक्टर फासे टाकून खोटे खोटे राक्षस मारत बसायचे. वयं विचारू नका, तिघंही चाळिशीचे. आणि आता सासूबाई कायमच्या राहायला आल्या होत्या. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेली बाई, हात स्वस्थ कसा बसणार? त्यांना कापड बेतायला टेबल हवं होतं, आणि सोमवारी माल द्यायचा म्हणजे बेतणं रविवारीच.

बायकोनं एका वाक्यात निकाल दिला. "आईला खेळायला घे. रमली तर टेबल तुमचं, नाही रमली तर तिचं."

खेळ तसा सोपा. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याचं बळ, बुद्धी, हत्यारं कागदावर मांडायची, आणि सूत्रधार सांगेल त्या संकटाला तोंड द्यायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधार अर्थातच जावई. विमा कंपनीत दावे तपासणारा माणूस तो, नियमांचं जाडजूड पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. शिवाय सासूबाईंसाठी म्हणून तीन आठवडे खपून त्यानं एक खास अजगर तयार केला होता, आग ओकणारा, गुहेत बसलेला.

रविवारी सासूबाई गळ्यात मापाची टेप घालूनच टेबलाशी बसल्या. पात्रांची चित्रं चष्मा लावून एकेक पाहिली आणि एका बुटकीवर बोट ठेवलं.

"ही किती उंच?"

"साडेतीन फूट, आई."

"हीच हवी. आणि हिच्या हातात ही कुऱ्हाड."

कुऱ्हाड म्हणजे साधीसुधी नव्हे, दोन हातांनी पेलायची, धिप्पाड योद्ध्यांची. जावयानं गोड हसून पुस्तक उघडलं.

"आई, ती नाही चालायची. बुटक्यांना मोठ्यांची दोन हाती हत्यारं उचलताच येत नाहीत. एक हाती घेतलं तरी फाशातून दोन वजा. पण एक सोय आहे. मोठ्या माणसाची सुरी घ्या. बुटक्यांना ती तलवारीएवढीच होते."

"लांबीला होईल हो. मुठीचं काय?"

"मुठीचं काय म्हणजे?"

"सुरी मोठ्या माणसाची, म्हणजे मूठही त्याच्याच पंज्याची. हिची बोटं एवढीशी. पुरती वळायचीसुद्धा नाहीत." त्यांनी पुस्तकाकडे असं पाहिलं, जसं एखाद्या शिकाऊनं उलटी बाही जोडून आणली असावी. "हे ज्यानं लिहिलं, त्यानं लहान मुलाचा सदरा कधी बेतलेला नाही. मोठ्यांचा सदरा नुसता आखूड केला की मुलाचा होत नाही, जावईबापू. हात आखूड होतात, डोकं तेवढं लहान होत नाही. गळा निराळाच काढावा लागतो."

"बरोबर आहे मावशी," सुतार एकदम म्हणाला. "माझ्याकडे लहान हातोडी आहे ना, तिचा दांडा मी मुद्दाम बारीक तासलाय."

झालं. सुताराच्या कानामागची पेन्सिल खाली आली. सासूबाईंनी खाकी कागद पसरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्यांचीही अवजारं पुरुषांच्या पंज्यांची असतात आणि संध्याकाळी मनगट धरतं. लगेच त्यांच्या हाताचं माप घेतलं गेलं. साडेतीन फुटी बाईची कुऱ्हाड पाऊण तासात कागदावर कापून तयार झाली. मूठ बारीक, पातं रुंद, दांड्याला बोटभर माया सोडलेली.

"माया कशाला?" जावयानं हताशपणे विचारलं.

"वाढत्या अंगाची असली तर?"

इकडे अजगर गुहेत ताटकळत बसला होता. जावयानं खेळ पुढे रेटायचं ठरवलं आणि आवाज घोगरा करून म्हणाला, "जंगलातून अचानक सात दरोडेखोर तुमच्यावर चालून येतात. सरदाराच्या हातात लांबलचक तलवार आहे. काय करता?"

सुतार आणि डॉक्टरबाई हत्यारं परजू लागले. सासूबाई म्हणाल्या, "ती तलवार त्याची स्वतःची नाही."

"कशावरून?"

"लांबलचक म्हणालात ना? जमिनीला घासत असणार. कुणाची तरी उचललेली दिसते. मी त्याला म्हणते, इकडे ये बाळा, हात पुढे कर, माप घेऊ दे."

"आई, तो दरोडेखोर आहे."

"फासा टाकू का?"

टाकला. पूर्ण वीस पडले! वीस पडले की काम फत्ते, हा नियम खुद्द जावयानंच तासाभरापूर्वी मोठ्या तोऱ्यात समजावला होता. आता त्यालाच सरदार होऊन टेबलापलीकडून हात पुढे करावा लागला. सासूबाईंनी चार बोटं मोजली, मनगट मोजलं, आणि विचारलं, "खांदा दुखतो ना?" जावई सरदाराच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दुखतो." खरंच दुखत होता, तीन आठवडे अजगर काढून.

मग उरलेले सहा दरोडेखोर रांगेत उभे राहिले. सुतारानं त्याच जंगलात मुठी तासायचं दुकान थाटलं. डॉक्टरबाईंच्या वीरांगनेनंही आपली तलवार दुरुस्तीला टाकली आणि ती गुरुवारी मिळेल असं सासूबाईंनी बजावलं. त्यामुळे जावयानं शेवटी कासावीस होऊन अजगर गुहेबाहेर काढला, तेव्हा त्याच्याशी लढायला सासूबाईंची कागदी कुऱ्हाड सोडली तर कुणाच्याही हातात हत्यार नव्हतं.

जावयाचं टाळकं सरकलं. त्यानं पुस्तक टेबलावर आपटलं.

"आई, नियम म्हणजे नियम. ती कुऱ्हाड या खेळात बसत नाही."

सासूबाईंनी टेप गुंडाळायला घेतली.

"बरं. मग उठते मी. कापडही बेतायचं पडलंय."

दारात बायको उभी होती. तिनं कापडाचा गठ्ठा उचलला, आणि टेबल हातचं चाललं हे जावयाला लख्ख दिसलं.

"राग नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "माझी उंची चार फूट आठ. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मापाच्या टेबलावर टाचा उंचावून कापड कापलं. पाठ गेली त्यात. म्हटलं, खोट्या जगात तरी एक वस्तू माझ्या हाताची असावी. तेवढीच मजा वाटत होती."

जावयाला मनापासून वाईट वाटलं. त्यानं पेन काढलं आणि ज्या पुस्तकाला तो कधी चहाचा कप टेकू देत नसे, त्यातल्या त्या नियमावर सरळ काट मारली.

"आजपासून आई म्हणतील ते माप," तो म्हणाला.

मग जी धमाल उडाली ती विचारू नका. बुटकी कुऱ्हाड घेऊन गुहेत शिरली, तीनदा फासा पडला आणि तीन आठवड्यांचा अजगर चार मिनिटांत आडवा झाला. सासूबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. आईला असं हसताना मुलीनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"कापड मी शनिवारी बेतेन," सासूबाईंनी जाहीर केलं. "रविवारी खेळायचं."

टेबल वाचलं! जावई हवेत तरंगतच सगळ्यांसाठी बिस्किटं आणायला कोपऱ्यावर गेला. रस्त्यात दोन ओळखीच्यांना अजगराची हकिगतसुद्धा सांगून आला. परत आला तर घरात बारीक भुसा उडत होता, आणि सुतार टेबलाचा चौथा पाय कापून करवत पुसत होता.

"हे काय केलंस?"

"तूच म्हणालास ना, आई म्हणतील ते माप," सुतार म्हणाला. "त्या म्हणाल्या, सहा इंच."

सासूबाई टेबलावर दोन्ही कोपरं आरामात टेकून बसल्या होत्या. टाचा जमिनीवर, पाठ ताठ. जावई खुर्ची ओढून बसायला गेला, तर गुडघे फळीखाली शिरेनात. बायकोकडे त्यानं आशेनं पाहिलं.

"टेबल तुमचंच राहिलं की," ती म्हणाली आणि बिस्किटांचा पुडा त्याच्या हातातून घेऊन गेली.

खेळ दर रविवारी रंगतो. सहा फुटी जावई उभ्यानंच सगळा कारभार चालवतो. उभं राहून बोललं की सूत्रधाराचा आवाज कसा खणखणीत लागतो, असं तो भेटेल त्याला सांगत असतो.