तीन उद्घाटक आणि एक नारळ

प्रायोजक मिळवणे ही ललित कला आहे आणि अख्ख्या अमरावतीत ती एकट्या मलाच अवगत आहे! हे मी बायकोला जेवताना सांगितले.

"रागिणी, तू फक्त मुलांना शिकव. प्रायोजक माझ्यावर सोड!"

"तुमच्यावर? तुमी भाजी आनाले जाता आन् मावळतीचे रंग पाहून रिकाम्या पिशवीनं परत येता!"

रागिणी शाळेत खेळ शिकवते आणि मी मराठी. अकोला रस्त्यालगतच्या पडीक वावरात काळ्या मातीचे उंचवटे रचून तिने बीएमएक्सची धावपट्टी उभी केली आहे. बुटक्या, दणकट सायकली उंचवट्यांवरून उडवत लावायची ही शर्यत. सुरुवातीच्या टेकाडावर एक लोखंडी फाटक असते. मुले त्याला पुढचे चाक टेकवून उभी राहतात. खटका सुटला की फाटक धाडकन आडवे पडते आणि मुले अशी निघतात, जणू आभाळाने त्यांना नावानिशी हाक मारली आहे.

तिच्या पाच मुलांची पुण्याच्या राज्य स्पर्धेसाठी निवड झाली होती. हेल्मेट, जर्सी, प्रवास, सगळेच अडले होते. त्यात पाचांतल्या अलीझाचे या वयोगटातले हे शेवटचे वर्ष. "सर, यंदा नाही गेली तं संपलंच माहं," एवढेच ती म्हणाली, आणि माझ्या आत खोल कुठेतरी एक पान गळाले.

मी निघालो. पहिला मुक्काम महादेवरावांची डाळमिल. तुरीच्या सोनेरी भुकटीत ते एखाद्या पुरातन मूर्तीसारखे बसले होते.

"शर्यतीत बैल कोनाचे हायेत?"

"बैल नाहीत, सायकली आहेत. मुलांच्या पाठीवर आपल्या मिलचे नाव झळकेल!"

"पाठीवर? म्हंजे नाव दिसन मांगच्या पोट्ट्याले. तो काय माह्याकडून डाळ घेते का?"

तेव्हा मी हुकमाचा पत्ता टाकला. "महादेवराव, रविवारी प्रात्यक्षिक शर्यत आहे. उद्घाटक आपण!"

त्यांच्या मुद्रेवर सूर्य उगवला. मिळाले की प्रायोजक!

कूलरवाले गयासुद्दीनभाई म्हणाले, "सर, आत्ता थंडीत कूलरवाल्याले कोन पुसते?"

"आम्ही पुसतो! रविवारचे उद्घाटक आपण!"

मसाला उद्योगाच्या शकुनताईंकडे तर तिखटाने इतक्या शिंका आल्या, की मला एवढा एकच शब्द पुरता उच्चारता आला. उद्घाटक! त्याही उजळल्या.

फ्लेक्स छापून आला. तीन फोटो, तिन्हीखाली 'उद्घाटक'. रागिणीने तो पाहिला आणि कमरेवर हात ठेवले.

"तिघाइले एकच मान? कापतीन एकमेकाइले!"

"एकमेकांना नाही, फिती कापतील. तीन उंचवट्यांवर तीन फिती. टेकाडावर महादेवरावांचे भाषण, मग तिघे आपापली फीत कापतील, मग शर्यत. प्रश्न मिटला!"

"आन् फिती कापाच्या आधीच पोरं सुटले तं?"

"कशी सुटतील? फाटक तू पाडणार ना?"

रविवार उजाडला. गयासुद्दीनभाई पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात दुसऱ्या उंचवट्यावर कात्री घेऊन उभे राहिले, तिसऱ्यावर पैठणी नेसून शकुनताई. पहिल्या उंचवट्याची फीत महादेवरावांची वाट पाहत थरथरत होती. मुले वर फाटकाला चाके लावून सज्ज होती. महादेवरावांनी भाषण संपवले आणि पिशवीतून कात्री नव्हे, चक्क नारळ काढला.

"नारळ फोडल्याबिगर उद्घाटन कायचं? दगड आना!"

आता आमच्या काळ्या मातीत कापूस येतो, तूर येते, पण दगड काही येत नाही! मी वावरभर धावलो. ढेकळे, ढेकळे आणि ढेकळे! रागिणीही बांधाकडे शोधायला गेली. महादेवरावांचा संयम संपला. त्यांनी आसपासची सर्वांत टणक वस्तू हेरली, "बोला, गजानन महाराज की जय!" अशी आरोळी ठोकली आणि नारळ हाणला तो थेट फाटकाच्या खटक्यावर!

फाटक धाडकन पडले. मुलांना शिकवण एकच, फाटक पडले की मागेपुढे पाहायचे नाही. ती सुटली!

"अरे थांबा! फिती कापायच्या बाकी आहेत!" मी ओरडलो.

अलीझा सर्वांत पुढे. पहिली फीत तिने छातीवर घेतली. दुसऱ्या उंचवट्यावर गयासुद्दीनभाई "या अल्ला!" म्हणत कात्रीसकट उताणे झाले, आणि त्यांच्यावरून अलीझा सावरीच्या कापसासारखी तरंगत गेली. शकुनताईंनी पैठणी सावरली आणि अशी उडी मारली, की निवड समितीने त्यांचाही विचार करावा! सर्वांत शेवटी, न फुटलेला नारळ गडगडत आला. तो सहावा.

अलीझा तीन फिती गळ्यात घेऊन सायकल ढकलत परत आली.

"सर, गलती झाली का? आता पुन्याले नाही जाता येनार?"

मी उद्घाटकांकडे पाहिले. पांढऱ्या कुर्त्याचा नकाशा झाला होता. महादेवराव पडलेल्या फाटकाकडे एकटक पाहत होते.

"हे मीनं पाडलं?" ते म्हणाले.

"हो, पण चुकून..."

"पुन्हा लावा! आता हातानं पाडतो!"

फाटक लावले. त्यांनी खटका ओढला. धाड! मुले सुटली आणि डाळमिलचे मालक धोतर सावरत टेकाडावर नाचले!

"ओ महादेवराव, हटा आता! मेरा नंबर!" गयासुद्दीनभाई धूळ झटकत वर आले.

"लेडीज फस्ट!" शकुनताई गरजल्या.

उन्हे कलेपर्यंत तिघे आळीपाळीने फाटक पाडत राहिले. मुले दमली, प्रायोजक दमेनात! शेवटी महादेवराव म्हणाले, "प्रवास माहा." भाईंनी हेल्मेटचा खर्च उचलला, ताईंनी जर्सीचा. अलीझाने सायकल तिथेच टाकली आणि रागिणीला मिठी मारली. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहणार, एवढ्यात महादेवरावांनी विचारले, "पुन्याले फाटक कोन पाडते?"

"तिथे यंत्र पाडते," मी म्हणालो.

"यंत्र? मंग आमी कायले हावो? आमी येतो संगं!"

आणि ते आले. मोठ्या गाडीत पुढे तिन्ही उद्घाटक, मागे रागिणी आणि पाच मुले. जागा संपली. मी पाठोपाठच्या 'छोटा हत्ती' टेम्पोत, ताडपत्रीखाली, पाच सायकलींच्या मिठीत. बाळापूरला चहासाठी थांबलो, तेव्हा टपरीवाल्याने आमच्या ड्रायव्हरला विचारलेले मला स्वच्छ ऐकू आले.

"मांगं काय हाय गा?"

"काही नाही, सामान हाय."

मी ताडपत्री नीट ओढून घेतली. सामानाने चहा मागितलेला बरा दिसत नाही.