बर्वे हेडमास्तरांचं गाठोडं

बर्वे हेडमास्तरांना नमस्कार केला की ते म्हणायचे, "राहू दे. जीभ दाखव." पोरांनाच नाही हो, तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी शाळेच्या दारात जीभ काढायला लावली होती. साहेबांनी मुकाट्यानं काढली, वर एरंडेलही घेतलं!

चाकणच्या शाळेत मी तेव्हा तिसरीत. दर महिन्याला मास्तर बाजारातून कांदे तोलायचा मोठा तराजू आणवत आणि आंब्याला टांगत. मग कपाटातलं गाठोडं यायचं. फुलाफुलांच्या जुन्या परकरात बांधलेलं, मास्तर ते तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांवर आणायचे. आधी ते एकटंच मापांनी तोलायचे आणि पुटपुटायचे, "अजून तेवढीच."

मग एका पारड्यात गाठोडं, दुसऱ्यात आम्ही पोरी एकेक करून. वाऱ्याचा पत्ता नसला तरी गाठोड्याचं पारडं हलत राहायचं. आत कोण आहे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. गाठोड्यापेक्षा हलकी भरलेली पोर दिवाळी बघत नाही, एवढं मात्र आम्हा पोरींत पक्कं ठरलेलं.

आणि सबंध वर्गात हलकी भरले मी एकटी! भीतीनं मला घास उतरेना. आई म्हणायची, "खा की गं बाई, येवढं बी न्हाई जात?"

पुढच्या महिन्यात मी ओच्यात नदीतले गोटे खोचले. माझं पारडं धाडकन खाली. "शाब्बास!" मास्तर ओरडले. मी उतरले आणि गोटे धडाधड पायांशी पडले. पोरी फिदीफिदी हसल्या.

मास्तर हसले नाहीत. पांढरेफटक पडले. खाली बसून एकेक गोटा वेचला, मग गाठोड्याची गाठ सोडली. आतही गोटेच.

"माझ्या लेकीनं, यमूनं असंच फसवलं मला," ते म्हणाले. "औषध नको म्हणून. वजन बघून मी खूश होतो. तिचं खरं वजन या गाठोड्याएवढंच होतं, ती गेली तेव्हा कळलं मला."

दुसऱ्या दिवसापासून ते मला रोज समोर बसवून दूध पाजू लागले. पेला रिकामा होईपर्यंत डोळा हलायचा नाही त्यांचा.

दिवाळी झाली. मी ओचा झटकून दाखवला, पारड्यात बसले. माझं पारडं हळूहळू जमिनीला टेकलं. गाठोडं वर राहिलं.

मास्तर त्याच्याकडे बघत म्हणाले, "यमे, ही पुढे गेली गं."

मग माझ्याकडे वळले. "जीभ दाखव."

मी चांगली लांब काढली. पण त्यांना काही दिसत नव्हतं, चष्मा काढून ते नुसते पुसत उभे होते.