राहेलबाईंच्या फोनवर चाललं तर

आमच्या नगरमधल्या सावेडीच्या ऑफिसात कुणी नवीन आलं की आधी सांगून ठेवावं लागतं, की लोखंडी कपाटात कमरेपर्यंत शिरलेला तो माणूस चोर नाही. ते भिंगारदिवे काका आहेत आणि ते काम करताहेत.

काम म्हणजे आमच्या ॲपची तपासणी. शेळ्यांच्या लसींची आठवण करून देणारं हे ॲप ब्राउझरमध्येच उघडतं आणि रेंज नसली तरी चालतं, असा आमचा दावा. रेंज बंद करायला फोनमध्ये बटण असतं हे मी काकांना दाखवलं होतं. ते म्हणाले, “मॅडम, खेड्यात रेंज बटन दाबून जात न्हाई. मरत मरत जाती.” कपाटात ती तशीच जाते, हे त्यांचं संशोधन.

काका मूळचे एमआयडीसीतले. नटबोल्ट तपासण्यात हयात गेली, लग्न राहून गेलं. निवृत्तीनंतर आमच्याकडे आले ते काच तडकलेला फोन घेऊनच. पान उघडायला तीन सेकंदांच्या वर लागले की म्हणत, “रिजेक्ट.” संगणकावरच्या वेगाच्या चाचणीत ॲपला शंभरात शहाण्णव गुण मिळाले तेव्हा मी पेढे आणले. काकांनी पेढा खाल्ला आणि ॲप रिजेक्ट केलं.

शेवटची तपासणी मात्र तिसगावला. दर पंधरवड्याला, एसटीनं. तिथं राहेलबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांच्या चार शेळ्या आहेत. त्यांच्या फोनवर चाललं तरच पास. आणि चार महिने ते काही पास होईना. कधी अक्षरं बारीक, कधी लसीची तारीखच सापडत नाही. दर वेळी चूक खरी निघायची, त्यामुळे मला काही बोलताही येत नसे.

परवा मीही बरोबर गेले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चहा घेताना राहेलबाईंकडून कळलं की दोघं शाळेत एका वर्गात होते. काका नोकरीसाठी नगरला गेले, त्याच साली बाईंचं लग्न झालं. आता मालक नाहीत, त्या एकट्याच असतात. बाई हे सांगत होत्या तेवढा वेळ काका एका शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते.

ॲप झटकन उघडलं. रेंज गेली तरी तारखा दिसत राहिल्या. नव्या करडाची नोंद बाईंनी स्वतःच केली आणि फोन ओट्यावर ठेवत म्हणाल्या, “चांगलं चालतंय की. आता तुमाला एवढ्या लांब यायला नको.”

काकांनी फोन उचलला. उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मला वाटलं, आता काहीतरी खोट काढणार. पण माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “पास लिवा, मॅडम.”

मी लिहिलं.

परतीच्या गाडीत करंजीचा घाट संपेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी विचारलं, कोंबड्यांच्या लसींचं असं काही ॲप आपण करणार आहोत का.

मी म्हटलं, “पण काका, राहेलबाईंकडे कोंबड्या कुठे आहेत?”

“न्हाईत अजून,” काका म्हणाले.