थोरली पाती, धाकटी पाती

सोनोग्राफीला उपाशीपोटी या असं बजावलेलं असताना मी प्लेटभर पोहे आणि वर जिलबी खाऊन गेलो. लघवीतून रक्त जात होतं, पण दुखत काहीच नव्हतं. जे दुखत नाही त्यासाठी नाश्ता सोडायचा, हा मला अन्याय वाटला.

मोहिते डॉक्टरांच्या खोलीत मिट्ट काळोख. पोटावर थंडगार जेल आणि कानाशी नुसता आवाज.

"काय खाल्लंत?"

"काहीच नाही."

"भिया, आत जत्रा भरलीये! गॅसशिवाय एक चीज दिसत नाही. उद्या या. जिलबी पचल्यावर."

जिलबी त्यांना पडद्यावर दिसली की माझ्या तोंडाला वास येत होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आमच्या माळव्यातल्या देवासला पूर्वी दोन राजे होते. थोरली पाती आणि धाकटी पाती, म्हणजे थोरल्या आणि धाकट्या भावाची गादी. एकाच रस्त्याची ही बाजू यांची, ती त्यांची. डॉक्टरांचे आजोबा थोरल्या पातीच्या दरबारात होते. संस्थानं गेली, पण डॉक्टरांनी ती प्रत्येक पेशंटच्या पोटात पुन्हा वसवली. डावी किडनी किंचित लांब असते, म्हणून ती थोरली पाती, उजवी धाकटी. यकृत म्हणजे दिवाणसाहेब. "दिवाणसाहेब, जरा वाट द्या," असं माझ्या यकृताला अदबीनं सांगत, आणि मला मात्र, "श्वास धरा! हलू नका!" गंमत म्हणजे माझ्याबरोबर तेही श्वास धरायचे. त्यांचा दम संपला की माझी सुटका.

दुसऱ्या दिवशी कडकडीत उपाशी गेलो.

"धाकट्या पातीत घुसखोर आहे," आवाज म्हणाला.

"म्हणजे?"

"गाठ. लिंबाएवढी."

आणि या गृहस्थांनी मला कुशीवर वळवून डावीकडेच मुक्काम ठोकला.

"डॉक्टर, गाठ उजवीकडे आहे ना?"

"म्हणूनच. एकीवर सुरी चालवायची, तर दुसरी घर सांभाळेल का, विचारायला नको?"

दुसरी सांभाळणार नव्हती. "थोरली पाती नावाचीच थोरली," ते हळूच म्हणाले. "सुकून एवढीशी झालीये." उजवी अख्खी काढली असती, तर मी जन्मभर डायलिसिसवर.

मग ते पुन्हा उजवीकडे आले. पडद्यावर लाल-निळं काहीतरी वाहत होतं. गाठ शिरेत घुसली आहे का, हे ते शोधत होते. श्वास धरा, सोडा. धरा, सोडा. शेवटी म्हणाले, "शीर मोकळी आहे. गाठ खालच्या टोकाला, बाहेर डोकावतेय. तेवढं टोक कापायचं. किडनी ठेवायची."

इंदूरच्या सर्जननी सीटी स्कॅनही करून घेतला. तरी म्हणाले, "अख्खी काढणं सोपं. बघू, उघडल्यावर ठरवू." मोहिते डॉक्टरांनी त्यांना फोन करकरून भंडावून सोडलं, असं कानावर आलं.

पुढचं बायकोनं सांगितलेलं. ऑपरेशनच्या दिवशी ती बाकावर बसली होती. शेजारी एक किडकिडीत गृहस्थ येऊन बसले. "मी मोहिते. देवासचा सोनोग्राफीवाला. इंदूरला जरा काम होतं." दुपार झाली तरी हलेनात. तिनं डब्यातली पोळी-भाजी पुढे केली.

"तुमचं काम राहिलं असेल ना?"

"हेच काम," ते म्हणाले. "वहिनी, रोज इतक्या लोकांच्या आत बघतो. रिपोर्ट घेऊन जातात. पुढे वाचले की नाही, कुणी सांगायला येत नाही. घरीही विचारायला कुणी नाही. म्हटलं, एकदा स्वतःच जाऊन बघावं."

सर्जन बाहेर आले. टोकच काढलं होतं. शीर मोकळी होती. डॉक्टर चष्मा काढून रुमालानं पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता म्हणे.

मी शुद्धीवर आलो, तर उशाशी एक किडकिडीत माणूस. मला वाटलं, वॉर्डबॉय. म्हटलं, "भिया, पंखा जरा कमी करा ना."

त्यांनी निमूटपणे कमी केला.

"अहो, मोहिते डॉक्टर ते!" बायकोनं कपाळावर हात मारला.

मी ओशाळलो. "माफ करा, डॉक्टरसाहेब. अंधारात तुमचं तोंड कधी दिसलंच नाही."

ते वाकले. माझा चेहरा या कानापासून त्या कानापर्यंत निरखून बघितला.

"मीही तुम्हाला उजेडात आजच बघतोय," ते म्हणाले. "आतून बरे दिसत होतात."