पाणी काढून टाकावे

भाजी निरुपद्रवी असते हा समज ज्यांची मूत्रपिंडं शाबूत आहेत, त्यांचाच. वीब्रेन होकस्ट्राची चौदा टक्के उरली होती. फ्रीसलंड या डच प्रांताच्या चिकणमातीत चाळीस वर्षं बटाटे पिकवलेला हा माणूस. आता त्याला बटाटा कसा खावा याचं नऊ पानी पत्रक मिळालं.

पत्रक उत्तम होतं. टोमॅटो, पालक बेताने. कोबी, फरसबी चालेल. बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळावा आणि पाणी काढून टाकावे. भाजीतलं पोटॅशियम रक्तात वाढलं तर हृदय थांबू शकतं, हे आठव्या पानावर लहान अक्षरांत होतं. (घाबरवायचं नाही, असं धोरण.)

बायको चित्स्के नियमांची पक्की. एकदा उकळायला सांगितलं असताना तिने बटाटे दोनदा उकळले. पोटॅशियम वाढलं. आहारतज्ज्ञ मार्लूसने पत्रक अकरा पानांचं केलं. चित्स्केने तीनदा उकळले. पोटॅशियम आणखी वाढलं. विज्ञानाला हे मंजूर नव्हतं, म्हणून दोनदा प्रयोगशाळेची चूक धरण्यात आली. जावयाने कोबीवर संशय घेतला. आम्ही शेजाऱ्यांनी एकूण सतरा सल्ले दिले. त्यांतला एक मिठाऐवजी वापरायच्या पर्यायी मिठाचा होता, ते निव्वळ पोटॅशियमच निघालं. तो माझा होता.

एका मंगळवारी वीब्रेनचे पाय लटपटले आणि छातीत फडफड सुरू झाली. रुग्णवाहिकेत त्याने चित्स्केचा हात सोडला नाही. एरवी तो तिचा हात फक्त बर्फावरून चालताना धरतो.

दुसऱ्या दिवशी मार्लूसने खाटेशी बसून पहिल्यांदाच पत्रकाबाहेरचा प्रश्न विचारला. बटाट्याचं पाणी कुठे जातं?

"सुपात," चित्स्के म्हणाली. "सगळं सत्त्व त्यातच असतं, मोरीत ओतायचं का?"

"काढून टाका, असं लिहिलं होतं."

"काढलं की. सुपात टाकलं."

वीब्रेन छताकडे बघत होता. "मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं तुला?"

"ते पाणी वाईट आहे ते. पण बटाट्यांना चव राहिली नव्हती, चित्स्के. चव सुपातच होती. आणि तू ते माझ्यासाठी करायचीस."

चित्स्केने त्याला गाढव म्हटलं, मग खिडकीशी जाऊन बराच वेळ नाक पुसत राहिली.

पोटॅशियम उतरलं. आता ती पाणी मोरीत ओतते, तोंड फिरवून. बटाट्यांवर कांद्याची पात आणि व्हिनेगर घालते. वीब्रेन ते निमूटपणे खातो आणि चवीबद्दल खोटं बोलतो. पत्रक बारा पानांचं झालं आहे. 'मोरीत' हा शब्द ठळक आहे.

कुणाला काय आणि किती चालेल, हे ज्याच्या त्याच्या रक्ताच्या तपासणीवर ठरतं. पण तुम्ही तर बटाट्याचा भाग तेवढा उचलून एव्हाना एखाद्या काकांना पाठवलाही असेल, त्यांचा रिपोर्ट न विचारता. अठरावा सल्ला.